पाचव्या दिवसाची हजेरी

सोमवारी ऑफिसचं कुलूप निघायच्या आधीच गिरणीवाली बाई पायरीवर येऊन बसलेली दिसली, की आपला आठवडा कसा जाणार हे हर्षला वाघचौरेला कळायचं. बाईंच्या भुवयांवर पीठ असायचं आणि जिभेवर एकच प्रश्न. कायद्याप्रमाणे त्यांच्या मुलीचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही, आईचंही येत नाही, म्हणून इथंही येणार नाही. देवशिंगीत सगळे त्यांना गिरणीवाल्या ताई म्हणत, आपल्यालाही तेवढं पुरे.

"म्याडम, आजबी हिरवंच का?"

"हिरवंच आहे, ताई."

"दोन वर्सं झाली. त्यो मानूस साळा सुटायच्या टायमाला समोरच्या रसवंतीत येऊन बसतुया. रस पीत न्हाई, नुसता गलास धरून बसतुया. माजी पोर तितनं जाताना दप्तर पोटाशी धरती. आन् त्येच्या पायातलं तुमचं कडं म्हनतंय, मानूस बरा झाला."

"बरा झाला असं कडं म्हणत नाही, ताई. मर्यादेत आहे, एवढंच म्हणतं."

"मर्यादा कुनाची?"

हर्षलाकडे उत्तर होतं, चांगलं छापील उत्तर होतं, पण ते या बाईंना सांगून काही उपयोग नाही हे तिला अनुभवाने माहीत होतं. ताई उठल्या, पदर झटकला आणि जाता जाता म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जळत न्हाई, म्याडम. तुमच्या मशिनीला पीळ दिसतू का, तेवडं बगा."

त्यो मानूस म्हणजे श्रीनिवास मोहोळकर. अठरा वर्षं त्याने देवशिंगीत हस्ताक्षराचे वर्ग चालवले. गावातल्या निम्म्या पोरांचं अक्षर त्याने वळवलेलं, त्यामुळे ताईंच्या मुलीच्या बाबतीतला गुन्हा सिद्ध झाला तेव्हा निम्मं गाव गप्प बसलं आणि उरलेलं निम्मं कुजबुजत राहिलं. कायद्याने दहा वर्षांची शिक्षा होती. पण तोवर कायद्यात सवलतीचं कलम आलं होतं आणि न्यायाधीशांनी ते लावलं. आरोपीचं वय पंचावन्न, पूर्वचरित्र स्वच्छ, समाजात मान, आणि शिवाय कडं आहेच. अकरा महिने आत, बाकीचे दिवस कडं घालून बाहेर. दोन वर्षं हिरवं राहिलं तर उरलेली शिक्षा माफ, असा तो हुकूम होता. ती दोन वर्षं या महिन्यात पुरी होत होती. मोहोळकरने अर्ज टाकला होता, त्यात कडं काढण्याबरोबर वर्ग पुन्हा सुरू करण्याचीही परवानगी मागितली होती. सुनावणीला अठरा दिवस उरले होते.

आणि हर्षला ही तालुक्याची निगराणी अधिकारी. मोहोळकरच्या चोवीस मासिक अहवालांवर तिची सही होती. चोवीसच्या चोवीस हिरवे.

कड्याचं शास्त्र तसं साधं आहे, निदान ट्रेनिंगमध्ये ते साधं करून सांगतात. माणूस तोंडाने काय वाटेल ते बोलतो, पण त्याच्या अंगाला खोटं बोलता येत नाही. मनात काही हललं की तळव्याला अतिसूक्ष्म घाम सुटतो, कातडीतून वीज जास्त सहज वाहू लागते, दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, घामातली काही द्रव्यं वाढतात. घोट्यावरचं कडं हे सगळं दर सेकंदाला मोजतं आणि त्याचा मिळून एक आकडा काढतं, शून्य ते शंभर. त्याला प्रतिसादांक म्हणतात. दुसऱ्या बाजूला शाळेच्या प्रत्येक मुलाच्या ओळखपत्रात एक चिप असते. ती मुलाचं नाव सांगत नाही, फक्त 'इथे मूल आहे' एवढीच खूण हवेत सोडत राहते. कड्याला तीस फुटांच्या आत ती खूण मिळाली आणि त्याच वेळी आकडा चढला, तर कडं पिवळं होतं. फार चढला तर लाल, आणि दहा मिनिटांत पोलिसांची गाडी दारात.

अडचण एवढीच, की सगळ्यांची अंगं सारखी नसतात. एखादा जन्मजात थंड, तर एखाद्याला कुत्रं भुंकलं तरी घाम फुटतो. म्हणून प्रत्येकाची आधी पायारेषा काढतात. सुट्ट्या सोडून सात दिवस, रोज दोन तास, माणसाला एका साध्या खोलीत बसवायचं आणि तो काही विशेष करत नसताना त्याचा आकडा किती असतो ते नोंदवायचं. त्या पायारेषेच्या वर पंधरा चढला तर पिवळा, पंचवीस चढला तर लाल. सगळी इमारत या पायावर उभी होती. कदाचित म्हणूनच पायाकडे कुणी पुन्हा वाकून पाहिलं नव्हतं.

त्या सोमवारी हर्षलाने वाकून पाहिलं. ताईंना खोटं पाडावं, असाच तिचा हेतू होता. संध्याकाळचे साडेपाच, रसवंती, शाळेची सुट्टी. मोहोळकरभोवती चाळीस-पन्नास ओळखपत्रांच्या खुणा. प्रतिसादांक एकसष्ट. मग तिने त्याचा बाजारातला आकडा काढला, सव्वीस. देवळातला, चोवीस. झोपेतला, सतरा. आणि पायारेषा? साठ.

ती खुर्चीत मागे टेकली. एका साध्या खोलीत नुसत्या बसलेल्या माणसाचा आकडा साठ होता, आणि बाजारातल्या धक्काबुक्कीत सव्वीस. शाळा सुटताना हा माणूस आतून पेटलेला असे आणि यंत्र म्हणे, हे तर याचं नेहमीचंच. चोवीस महिने तिने रंग पाहिला होता, आकडा पाहिला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली आणि लगेच मागोमाग संशय आला.

पहिला संशय तेजसवर. पायारेषा काढणारा हा तंत्रज्ञ जिल्ह्याच्या गावाहून सकाळच्या एसटीने यायचा आणि दोनच्या एसटीने परत जायचा. त्यामुळे देवशिंगीत पायारेषा नेहमी अकरा ते एकच्या दरम्यानच निघत. त्याने काही हातचलाखी केली असेल? तिने मूळ नोंदी उघडल्या. नोंदी धुतल्या तांदळासारख्या स्वच्छ होत्या. सात दिवसांचे आकडे ओळीने होते. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, एकसष्ट, साठ, चोवीस, छप्पन्न, बासष्ट. पाचव्या दिवसापुढे यंत्राने स्वतःच शेरा मारला होता, 'विसंगत, सरासरीतून वगळला'.

दुसरा संशय मोहोळकरवर. आकडा मुद्दाम चढवायला त्याने त्या दिवसांत काही औषध घेतलं असेल, आणि एक दिवस विसरला असेल. घरभेटीचा अधिकार तिला होताच. बुधवारी ती त्याच्या दारात उभी राहिली.

मोहोळकरच्या बायकोने काही न बोलता पाणी आणलं, चहा आणला आणि आत निघून गेली. तिने दोन वर्षांत हर्षलाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. मोहोळकर मात्र एखाद्या लग्नघरचा यजमान असावा तसा अघळपघळ बोलत होता.

"तुमच्यामुळे माणसात आलो, मॅडम. खरं सांगतो, तुमच्या ऑफिसातले ते सात दिवस फार बरे गेले."

"पायारेषेचे? लोक तर कंटाळतात तिथे."

"छे हो. तुरुंगातल्या भिंतीपेक्षा बरं. तेजसरावांकडून खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली होती मी. हवा छान यायची."

"कुठलं औषध चालू होतं का तेव्हा?"

"बीपीचीसुद्धा गोळी नाही मला." तो हसला. "देवाची कृपा."

चहा तसाच ठेवून ती निघाली. वाटेत तिच्या लक्षात आलं, की मोहोळकरची पायारेषा जानेवारीत निघाली होती. देवशिंगीची जानेवारीतली थंडी हाडं गोठवते. त्या दिवसांत खिडकीची हवा कोण मागून घेतो?

दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता ती त्या खोलीत गेली, खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसली. जुन्या पंचायतीची ही इमारत, भिंती दोन हात जाड, म्हणूनच ही खोली निवडली होती. खिडकीबाहेर अंगण. आता तिथे स्टाफच्या गाड्या लागलेल्या होत्या. पण समोरच्या भिंतीवर, कमरेपेक्षा खाली, पुसट झालेला एक हत्ती होता, एक मोर होता आणि अ ते अः पर्यंतची अक्षरं होती.

खिडकीच्या जाळीतून तिने ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

अडीच वर्षांपूर्वी गावातल्या अंगणवाडीचा स्लॅब कोसळला, तेव्हा नशिबाने रविवार होता. नवी खोली होईपर्यंत पोरं बसवायची कुठे, म्हणून सेविका हवालदिल झाली होती. ती सेविका म्हणजे हर्षलाची मोठी नणंद, हेमाताई. हर्षलानेच म्हटलं होतं, आमचं अंगण रिकामंच आहे, बसवा की. परवानगीच्या कागदावर सही तिचीच. चौदा महिने अंगणवाडी इथे भरली. पोरं साडेदहाला येत, अकराला गाणी, साडेअकराला खिचडी, एकला घरी. आणि बरोबर अकरा ते एक, जाळीच्या खिडकीआड, शिक्षा झालेला एकेक माणूस खुर्चीत बसून आपली पायारेषा देत होता. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना ओळखपत्रं नसतात. कड्याच्या लेखी ते अंगण रिकामं होतं.

म्हणजे यंत्राला जी गोष्ट पकडायची होती, तीच त्याला पहिल्या आठवड्यात 'हे नेहमीचं' म्हणून शिकवली गेली होती. आणि ती शिकवणारी दुसरी कुणी नव्हती.

संध्याकाळपर्यंत तिने त्या चौदा महिन्यांतल्या सगळ्यांच्या नोंदी काढल्या. तेवीस माणसं होती. सतरा जणांची पायारेषा चारचौघांसारखी, वीस ते तीसच्या आसपास. सहा जणांची पन्नासच्या वर. त्या सहातला एक मोहोळकर.

तिने साहेबांना फोन लावला. देशमाने साहेब जिल्ह्याचे संचालक. सवलतीचं कलम यावं म्हणून त्यांनी मुंबईला खेटे घातले होते, हर्षलाला हाताला धरून शिकवलंही होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आकडा भीतीनेही चढतो, वाघचौरे. लाजेने चढतो. मुलं समोर बसलेली पाहून एखाद्याला आपल्या कृत्याची शरम वाटली असेल."

"असेल, साहेब. पण ते आपल्याला माहीत नाही. हिरवं म्हणजे आपल्याला माहीत आहे, असं आपण न्यायालयाला सांगतो."

"सुनावणी होऊन जाऊ दे. मग गुपचूप सगळ्यांच्या पायारेषा परत घेऊ."

"सुनावणीनंतर त्याच्या पायात कडंच नसेल."

मग साहेब सावकाश म्हणाले, "अंगण द्यायची परवानगी जिल्ह्याकडून घेतली होती का तुम्ही? नाही ना? मग जपून. संशय ही अहवालात लिहायची गोष्ट नाही. लिहायची तर पुरावा लागतो."

ते चिडून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते काळजीने बोलले होते, आणि आता ती काळजी नक्की कुणाची, याचाही तिला संशय येऊ लागला होता.

पुरावा तिच्या डोळ्यांसमोर होता, तो म्हणजे पाचवा दिवस. सहा दिवस साठच्या आसपास आणि एक दिवस चोवीस. त्या दिवशी भीती कुठे गेली? शरम कुठे गेली? खोली तीच, खुर्ची तीच, कडं तेच. त्या दिवशी अंगणात पोरं नसतील, तर कोडं सुटत होतं. सरासरी बिघडवतो म्हणून यंत्राने नेमका तोच खरा दिवस उचलून फेकून दिला होता. तारीख होती दोन वर्षांपूर्वीची सतरा जानेवारी. आता फक्त हेमाताईंना विचारायचं होतं.

रविवारी दुपारी ती नणंदेकडे गेली. हेमाताई ओट्यापाशी बसून घेवडा निवडत होत्या. हर्षलाने सगळं सांगितलं. शेंगा तशाच मांडीवर राहिल्या.

"म्हणजे माझी पोरं," हेमाताई म्हणाल्या, "माझी पोरं रोज त्यांच्यासमोर..."

"जाळी होती, हेमाताई. कुणी बाहेर आलं नाही. कुणी हात लावला नाही."

"तेवढं मला सांगू नकोस."

मग हर्षलाने सतरा जानेवारीचा विषय काढला. हेमाताईंनी टॅब आणला, हजेरीचं ॲप उघडलं आणि तिच्या हातात दिलं. सतरा जानेवारी, अंगणवाडी चालू, सव्वीसपैकी सव्वीस हजर.

हर्षलाने मागचे-पुढचे दिवस सरकवून पाहिले. एकोणीस. बावीस. एकवीस. वीस. अख्ख्या महिन्यात सव्वीस एकदाच.

"सव्वीसच्या सव्वीस?"

"आली असतील. संक्रांत नुकती झालेली, तिळगूळ वाटला असेल."

"हेमाताई, त्या दिवशी नक्की अंगणवाडी भरली होती?"

हेमाताईंनी तिच्याकडे पाहिलं. चोवीस वर्षांच्या नात्यात अशा नजरेने त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"गुन्हेगारांना विचारतेस तसं मला विचारतेस का?"

"एका मुलीचा प्रश्न आहे."

"आणि माझी सतरा महिन्यांनी रिटायरमेंट आहे. एकतीस वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही. ॲपवर आहे तेच खरं." त्यांनी शेंगा सुपात ओतल्या. "चहा टाकू का, निघतेस?"

हर्षला निघाली. गिरणीवाल्या ताईंचा संशय मोहोळकरवर, तिचा तेजसवर, साहेबांवर आणि आता स्वतःच्या नणंदेवर. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, हेमाताई कशी आहे, तर ती म्हणाली, बरी आहे. आपल्यावरही आता कुणी सहज विश्वास ठेवू नये, असं तिला वाटून गेलं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. अशा खटल्यांची सुनावणी बंद दारामागेच होते. गिरणीवाल्या ताई एका कोपऱ्यात होत्या, त्या दिवशी त्यांच्या भुवयांवर पीठ नव्हतं. हर्षलाने अर्ज देऊन हेमाताईंचं नाव साक्षीदारांत घातलं होतं. त्या आल्या होत्या, मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि तिच्याकडे पाहत नव्हत्या.

न्यायाधीश तेच होते, सवलत देणारे. पंचविसावा अहवाल त्यांच्यापुढे होता आणि त्यात रंगाच्या रकान्यात हर्षलाने लिहिलं होतं, 'सांगता येत नाही'. साहेबांचा आदल्या दिवशी तीनदा फोन येऊन गेला होता, तिने उचलला नव्हता.

तिने उभं राहून सगळं सांगितलं. अंगण, खिडकी, अकरा ते एक, साठ आणि चोवीस. परवानगी आपण दिली, सही आपली, हेही सांगितलं.

"म्हणजे या माणसापासून धोका आहे, असं तुमचं म्हणणं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मला माहीत नाही, महाराज. दोन वर्षं कुणालाच माहीत नव्हतं. माहीत आहे असं मी चोवीस वेळा लिहून दिलं. ते चोवीसही अहवाल मी मागे घेते."

मोहोळकरचे वकील उठले. त्यांना घाई नव्हती. "मॅडमच्या सगळ्या तर्काचा आधार पाचवा दिवस आहे. त्या दिवशी मुलं नव्हती म्हणून आकडा उतरला, असं त्या म्हणतात. ही शासनाच्याच ॲपवरची हजेरी. सतरा जानेवारी, सव्वीस मुलं हजर. म्हणजे अंगण त्या दिवशी सगळ्यात भरलेलं होतं आणि माझ्या अशिलाचा आकडा सगळ्यात शांत होता. मग उरलेले दिवस आकडा कशाने चढला? तुरुंगातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या भीतीने. पाचव्या दिवशी भीती चेपली, सहाव्या दिवशी पुन्हा वर आली. माणसाचं मन आहे. आणि मॅडमच्या मनाचं म्हणाल, तर तिथे संशयाशिवाय काही नाही. संशयावर कुणाचं उरलेलं आयुष्य तुरुंगात घालता येत नाही."

त्यात खोट काढायला जागा नव्हती. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. मोहोळकर मान खाली घालून, हात जोडून बसला होता. त्याचं ते बसणं पाहून कुणालाही दया आली असती. न्यायाधीशांनी कागद पुढे ओढला. गिरणीवाल्या ताईंनी हर्षलाकडे पाहिलं आणि मग खाली जमिनीकडे. त्यांनी हे असंच होणार, हे धरलेलंच होतं.

"साहेब," मागून आवाज आला. "मला बोलावलंय ना साक्षीला?"

हेमाताई पिंजऱ्यात आल्या. शपथ घेतली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"सतरा जानेवारीला अंगणवाडी भरली होती का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नव्हती."

मोहोळकरचे वकील पुन्हा उठायला लागले, न्यायाधीशांनी त्यांना हातानेच बसवलं.

"मी कराडला दवाखान्यात गेले होते. छातीत गाठ लागली होती. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, मुलांना नाही. रजा मागितली असती तर कारण द्यावं लागलं असतं. मदतनीस आजारी होती. मी आदल्या दिवशी सगळ्या आयांना सांगितलं, की उद्या पोरांना पाठवू नका. आणि सकाळी एसटीत बसल्या बसल्या ॲपवर 'सर्व हजर' दाबलं. घाबरलेली होते, मोजून थोडेच दाबणार? गाठ साधी निघाली. दवाखान्याचा कागद आहे, तारखेसकट." त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून पुढे केला.

कागद न्यायाधीशांकडे गेला, तिथून वकिलांकडे. वकिलांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला.

"सरकारी नोंद खोटी केल्याचं तुम्ही शपथेवर कबूल करताय," न्यायाधीश म्हणाले. "याचा अर्थ कळतोय ना, बाई?"

"कळतोय." हेमाताई आता मोहोळकरकडे पाहत होत्या. "एका दिवसाची हजेरी खोटी आहे, साहेब. त्याची काय असेल ती शिक्षा द्या. बाकीच्या सहा दिवसांची खरी आहे. ती खोटी असती, तर मला रात्री झोप लागली असती."

मोहोळकरने मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदाच. त्याच्या घोट्यावरचं कडं हिरवंच होतं.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. मग वाचून दाखवलं. सवलत खऱ्या पायारेषेच्या अटीवर दिली होती. ती पायारेषा खरी नव्हती, म्हणजे अट पहिल्याच दिवसापासून पाळली गेली नव्हती. अर्ज फेटाळण्यात येतो. उरलेली शिक्षा आजपासून सुरू, ताब्यात घ्यावं. बाकीच्या पाच जणांची प्रकरणं आठवड्याभरात पुढे ठेवावीत. एवढं वाचून ते थांबले आणि कागदाकडे न पाहता म्हणाले, "सवलतीची कारणं मी तीन पानं लिहिली होती. त्यातली अडीच या कड्याबद्दल होती. मुलीबद्दल चार ओळी होत्या. तेही नोंदीवर असू दे."

पोलीस मोहोळकरला घेऊन गेले. जाताना तो हर्षलाजवळ क्षणभर थांबला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "नवी पायारेषा घ्याल ना, मॅडम? मी तयार आहे." नवी पायारेषा कुठे घ्यावी, कोणत्या खोलीत, आणि त्या आकड्यावर आपण पुन्हा सही करू का, हे तिला ठाऊक नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात गिरणीवाल्या ताई भेटल्या. आभार वगैरे त्यांच्या मनातही नव्हते.

"किती वर्सं?"

"उरलेली सगळी. वरच्या कोर्टात जातील ते लोक, पण तोवर आतच."

"पोर धा वर्साची हाय आत्ता. त्यो भाईर यील तवर शानी झाली असंल." त्यांनी मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं. "चला, आज सांजच्याला म्या स्वता जाती साळंत. येताना रसवंतीत बसवती तिला. रस पाजती."

त्या गेल्या. हर्षला हेमाताईंना शोधत फाटकापाशी आली. हेमाताई एकट्याच उभ्या होत्या.

"गाठीचं मला तरी सांगायचं होतं," हर्षला म्हणाली.

"तुला सांगितलं असतं तर तू रजा घेऊन माझ्याबरोबर आली असतीस. मग सतरा तारखेला अंगणवाडी बंद होती हे तुलाच आठवलं असतं, आणि मला आज असं खोटं ठरावं लागलं नसतं." हेमाताईंनी नाक पुसलं. "माझंच चुकलं. तुझंही चुकलं. आता सव्वीस घरी जायचंय."

"आज?"

"उद्या सगळ्या गावात होईल. दुसऱ्याकडून कळण्याआधी आपण सांगितलेलं बरं. पोरं माझ्या भरवशावर ठेवली होती त्यांनी."

"मीही येते. अंगण माझं होतं."

त्या चालत निघाल्या. पहिलं घर देवळाच्या मागच्या आळीत होतं. दार उघडणारी बाई पंचविशीतली होती, कडेवर धाकटं मूल होतं. हेमाताईंना पाहून तिचा चेहरा उजळला. "अगोबाई, बाई तुम्ही? या की आत. थोरली आठवण काढते तुमची, हत्तीचं गाणं म्हणते अजून."

हेमाताईंनी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभं राहून त्या म्हणाल्या, "आधी ऐकून घे, बाळा. मग आत घ्यायचं का नाही ते तू ठरव."